वाटणीत उरलेला खेळाडू

आमच्या अमडापुरात फुटबॉलचे क्लब दोन होते आणि हक्काची खेळणारी पोरे दीड क्लबाची होती, ही वस्तुस्थिती प्रथम नमूद करणे मला आवश्यक वाटते. कारण पुढे माझ्याबाबत जे काही घडले, त्याचे मूळ या अर्ध्या क्लबाच्या तुटीत आहे. मुळात क्लब एकच होता आणि चेंडूही एकच होता. तो चेंडू एका संध्याकाळी शाळेमागच्या बाभळीवर गेला आणि काट्यावरच बसला. तो तेथे गेला कोणाच्या लाथेने, यावर गजानन आणि शरीफ या दोन मोठ्या पोरांत वाद पडला. गजाननचे म्हणणे, लाथ शरीफने मारली. शरीफचे म्हणणे, गजाननने चेंडू दिलाच असा की, कोणाचीही लाथ बाभळीलाच गेली असती. दोन्ही बाजूंत तथ्य होते, असे मी आज तटस्थपणे सांगू शकतो. त्या वेळी मात्र दोघांनी आपापला नवा चेंडू आणला आणि एका क्लबाचे नवतेज आणि हिलाल असे दोन क्लब झाले. मोठमोठे राजकीय पक्ष याहून फुसक्या कारणांवरून फुटलेले मी पुढे पाहिले, त्यामुळे आमच्या पोरांना मी मुळीच नावे ठेवत नाही.

क्लब फुटला तरी पोरे वाढली नाहीत. गावातल्या गावात खेळताना अडचण येत नसे. जेवढी असतील तेवढ्यांत भागत असे. पण मेहकरकडच्या किंवा चिखलीकडच्या एखाद्या संघाशी सामना ठरला की अकरा पोरे उभी करावी लागत, आणि मग ज्या क्लबाचा सामना असेल तो दुसऱ्या क्लबातून पोरे उसनी नेत असे. विरजण संपले म्हणून वाटी घेऊन शेजारी जावे, तितक्या सहजपणे हे चाले. त्याचा एकच दंडक होता. उसन्या नेलेल्या पोराला नेणाऱ्या क्लबाने जेवू घालायचे. नवतेजने नेले तर गजाननच्या आईच्या हातची पातोडीची भाजी, तिच्यावर बोटभर तेलाचा तवंग, आणि ज्वारीची भाकर. हिलालने नेले तर शरीफच्या अम्मीच्या, म्हणजे आम्हां सर्वांच्या खालाच्या, मोठ्या पातेल्यातली मसाल्याची खिचडी आणि वर लोणच्याचा खार. या अदलाबदलीत आम्ही पाच जण असे होतो की, आमचा मूळ क्लब कोणता, हे आमचे आम्हालाही आठवेनासे झाले होते. गोलकीपर चांद, टेम्पोवाल्याची दोन पोरे, अंगाने भरभक्कम असलेला बबन, आणि मी. मैदानातील माझ्या कामगिरीविषयी मतभेद होते. पंगतीतील कामगिरीविषयी कधीच नव्हते.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत वडिलांची पिठाची गिरणी होती. इंजिन सुरू झाले की भिंतीवरची भांडी थरथरत, आणि घरातील प्रत्येक माणूस ओरडून बोले. इंजिन बंद झाल्यावरही ओरडणे बंद होत नसे. आईने मायेने जवळ घेऊन काही सांगितले तरी चार घरे पलीकडे भांडण लागले असे वाटे. आमच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर आणि देवाच्या फोटोवर सारखेच पीठ असे. दळण आणणारी माणसे ओट्यावर वाट पाहत बसत, आणि ज्यांच्याकडे तहसिलीतून, बँकेतून वा पाटबंधारे खात्यातून आलेले कागद असत, ते मला वाचावयास लावत. इंजिनाच्या वरताण आवाजात मी ते वाचत असे. “सबब”, “उपरोक्त”, “आपला नम्र अर्जदार” हे शब्द मी शाळेतील कवितांच्या आधी असे ओरडून ओरडून पाठ केले. शाळा पुढे नववीपाशी थांबली. तिचे आणि माझे एकमेकांवाचून काहीच अडले नाही, हे आज चिखलीच्या तहसील कचेरीसमोर माझ्या अर्ज लिहिण्याच्या टेबलाभोवती पदवीधरांची जी गर्दी असते तिच्यावरून दिसून येते.

तर चिखलीला सोळा वर्षांखालील क्लबांची स्पर्धा भरली आणि तिचे नियमपत्रक गावात आले. त्यात एक कलम असे होते की, एका खेळाडूचे नाव एकाच क्लबाच्या यादीत असावे, आणि एकदा दिलेली यादी बदलता येणार नाही. हे कलम वाचून आमच्या दोन्ही क्लबांच्या पायाखालची वाळू सरकली. प्रत्येकाकडे स्वतःची अशी नऊ-नऊ पोरे कशीबशी जमत होती. उरलेल्या जागा आम्हां उसन्या पाच जणांच्या जिवावर होत्या. गजानन आणि शरीफ बाभळीच्या वादानंतर प्रथमच एका ओट्यावर बसले, आणि तो ओटा आमच्या गिरणीचा होता. मध्यस्थ म्हणून त्यांनी माझ्या मोठ्याबाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, बोलावले.

मोठेबाबा आसपासच्या गावांत वाटणीचे पंच म्हणून प्रसिद्ध होते. भावाभावांत शेत वाटायचे असले की त्यांना बैलगाडी पाठवून नेत. त्यांची पद्धत सर्वमान्य होती: थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचे. वाटे पाडणाऱ्याला कोणता वाटा आपल्याला येईल ठाऊक नसते, त्यामुळे तो सारखेच पाडतो. ही युक्ती कोणत्याही न्यायाधीशाला सुचणार नाही इतकी चांगली आहे. अडचण एवढीच की, मोठेबाबांना जगात शेताखेरीज वाटण्याजोगे दुसरे काही असू शकते हे मान्य नव्हते. त्यांनी तंबाखूची गोळी गालात सरकवली, आम्हां पाच जणांना ओळीने उभे केले आणि जमिनीचा मगदूर पाहावा तसे आमच्या पोटऱ्यांकडे पाहिले.

“थोरला कोण तुमच्यात?”

“मी,” शरीफ म्हणाला. “याच्यापेक्षा चार महिन्यांनं.”

“पाड वाटे.”

शरीफने विचार केला. चांद हा सर्वांत मोलाचा, म्हणून त्याच्या जोडीला बबनला ठेवले, कारण बबन मैदानावर एकदा उभा राहिला की सामना संपेपर्यंत तेथेच सापडत असे. दुसऱ्या वाट्यात टेम्पोवाल्याची दोन्ही पोरे. सख्खे भाऊ तोडायचे नाहीत, हे मोठेबाबांनीच सांगितले. मी छाती काढून उभा होतो. माझ्यासाठी आता कोणता झगडा होतो याची मला उत्सुकता होती. गजाननने आधी उचलायचे होते. सर्वांना वाटले, तो चांदला घेणार. त्याने टेम्पोवाल्याची पोरे घेतली.

“काऊन बे?” शरीफच्या तोंडाचा आ वासला. “गोलकीपर सोडला तू?”

“चिखलीले काय पायी जाशील? टेम्पो कोणाच्या बापाचा हाये?” गजानन म्हणाला.

“मंग आम्ही कशात येऊ?”

“टेम्पोतच या. पण आमच्या टेम्पोत.”

दोघांचेही अकरा-अकरा झाले. मी उभाच होतो. मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिले, बोटांवर काही हिशेब केला आणि जाहीर केले, “हा एक उरला.”

“गजूले द्या, मोठेबाबा,” शरीफ घाईने म्हणाला. “हमारे पास जर्शी अकराच है.”

“आमच्याकडं काय तेरा हायेत? परवा तुमच्याइथं खिचडी कोणं हाणली? ज्याच्या घरी खाल्लं त्यानंच ठेवा.”

“अबे, तुह्या घरची पातोडी त्याच्या दुप्पट खाल्ली यानं! माही अम्मी गवाह हाये, तूच सांगत होता तिले.”

मी मध्ये बोलण्याचा प्रयत्न केला, पण ज्या मालमत्तेची वाटणी चालू असते तिला बोलण्याचा अधिकार नसतो, हा कायदा मला तेव्हा कळला. मोठेबाबांनी हात वर केला. “भांडू नका. शेताची वाटणी झाली म्हून कोणी विहीर चिरते का? विहीर सामाईक राह्यते. हा पल्या सामाईक.”

“म्हंजे मी कोणाकडून खेळू?” मी विचारले.

“दोघायकडून.”

“पण मोठेबाबा, कलमात बसत नाही ना,” गजानन म्हणाला. “एकाच यादीत नाव पाह्यजे.”

मोठेबाबांनी ओट्याखाली पिंक टाकली. “मंग कोणाकडूनच नको खेळू. विहिरीले काय खेळा लागते?”

निकाल लागला. सभा उठली. आई आत भाकरी थापत होती आणि इंजिन चालू असूनही तिला प्रत्येक शब्द ऐकू गेला होता. “सख्ख्या पुतण्याची विहीर केली!” ती तवा आपटून म्हणाली. “सोताच्या पोराची केली असती का? त्या टेम्पोवाल्याच्या पोरायले वाटा, त्या बबन्याले वाटा, जो जाग्यावरून हालत नाही त्याले वाटा, अन माह्या लेकराले वाटा नाही!” वडिलांनी स्वतःच्या थोरल्या भावाविरुद्ध काहीही न बोलता इंजिनचा वेग वाढवला. मी त्या दिवशी ठेच्याशी तीनच भाकरी खाल्ल्या, यावरून माझ्या मनःस्थितीची कल्पना यावी.

मला चिखलीला जायचे होते, अंगात जर्शी घालून मैदानावर उभे राहायचे होते, आणि लाउडस्पीकरवरून माझे नाव पुकारले जावे अशी माझी इच्छा होती. याहून मोठी इच्छा मी त्या वयात बाळगली नाही आणि याहून रास्त इच्छा मी आजवर कोणाच्या अर्जात लिहिली नाही. दोन्ही याद्या रवाना झाल्या. त्यांत माझे नाव नव्हते. मग मी गिरणीच्या ओट्यावर बसून माझ्या आयुष्यातील पहिला अर्ज लिहिला. मजकूर मला अजून पाठ आहे. “प्रति, माननीय अध्यक्ष महोदय, थोर क्रीडाप्रेमी, दानशूर, तरुणांचे आधारस्तंभ” अशी सुरुवात करून मी लिहिले की, “उपरोक्त विषयास अनुसरून नम्र अर्जदार हा दोन्ही क्लबांचा सामाईक खेळाडू असून, त्यास पंचांसमक्ष सामाईक विहिरीप्रमाणे ठरविण्यात आलेले आहे. सामाईक विहिरीचे पाणी दोन्ही भावांस मिळते. कोणासच मिळत नाही असे जगात कोठेही नाही. सबब अर्जदारास न्याय मिळावा.”

स्पर्धेच्या दिवशी दोन्ही क्लब एकाच टेम्पोतून निघाले. नवतेज पुढच्या बाजूला, हिलाल मागच्या फळीकडे, आणि मध्ये जास्तीच्या चाकावर मी. चिखलीला पोचल्यावर कळले की, पहिलाच सामना आमच्याच दोन क्लबांत लावला आहे. एवढ्या लांब, एकमेकांचे तोंड न पाहता, एकाच टेम्पोतून आलेल्या पोरांना एकमेकांशी खेळवण्याची कल्पना ज्याला सुचली, तो संयोजक पुढे खूप वर चढला असणार.

स्पर्धेचे अध्यक्ष महोदय ट्रॅक्टरचे व्यापारी होते आणि मांडवात गादीवर लवंडून लिंबू सरबत पीत होते. मी अर्ज पुढे केला. त्यांनी “प्रति”पासून “आधारस्तंभ”पर्यंतचा भाग दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्याने वाचून शेजाऱ्यांना ऐकवला, आणि मग विषयाकडे वळले. विहिरीचे नाव येताच ते उठून बसले. त्यांची स्वतःची विहीर तीन भावांत सामाईक होती, असे नंतर कळले.

“बरोबर हाये पोराचं,” ते म्हणाले. “सामाईक म्हंजे दोघायची. पाळी लावा याची. पह्यला हाफ एका क्लबाकडं, दुसरा हाफ दुसऱ्याकडं.”

“पण साहेब, नियम...” शिट्टी गळ्यात अडकवलेले पंच म्हणाले. ते कोणत्यातरी शाळेत कवायतीचे शिक्षक होते.

“नियम कोणं केला?”

“आपणच, साहेब.”

“मंग?”

माझ्या धंद्याचे सर्व शिक्षण मला त्या मांडवात मिळाले. अर्जात काय मागितले आहे ते पुष्कळ जण वाचत नाहीत. कोणाकडे मागितले आहे, तो मजकूर मात्र सगळे वाचतात. आजही माझ्या अर्जाचा वरचा भाग खालच्या भागापेक्षा लांब असतो, आणि वकिलांची तरुण पोरे त्यावर हसतात. हसोत. त्यांचे अर्ज परत येतात.

गजाननने कपाळाला हात लावला, पण अध्यक्षांचा हुकूम होता. पहिल्या हाफसाठी टेम्पोवाल्याच्या धाकट्याला बसवले आणि त्याची पिवळी जर्शी मला मिळाली. लाउडस्पीकरवर माझे नाव पुकारले गेले. ते चुकीचे पुकारले गेले, पण बापाचे नाव बरोबर होते. आम्हाला पाण्याच्या टाकीच्या बाजूचा गोल मारायचा होता. मी टाकीच्या दिशेने जीव तोडून धावलो, बहुतेक वेळा चेंडूशिवाय. एकदा चेंडू समोर आला तेव्हा गजानन ओरडला, “पल्या, हात नको लावू, पायही नको लावू!” दोन्ही बाजूंचा एकही गोल न होता मध्यंतर झाले.

आता येथे जे घडले ते जगातील कोणत्याही फुटबॉलपटूच्या नशिबी आले असेल असे मला वाटत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात. पहिल्या हाफमध्ये ज्या गोलाकडे धावलो, त्याच्या उलट दिशेला दुसऱ्या हाफमध्ये धावायचे, हे पोरांच्या पायांत मुरलेले असते. त्याप्रमाणे नवतेज आणि हिलाल यांनी बाजू बदलल्या. पण मी त्याच वेळी क्लबही बदलला. बबनची घामाने निथळणारी हिरवी जर्शी अंगात घातली आणि हिलालचा झालो. आणि हिलालला आता टाकीच्याच बाजूचा गोल मारायचा होता. म्हणजे मैदानावरच्या सर्व पोरांची दिशा बदलली होती आणि एकट्या माझी बदलली नव्हती. हे शांतपणे बसून पाहिले तर सरळ आहे. मी शांतपणे बसलेलो नव्हतो. मध्यंतर झाले, दिशा बदलली, एवढेच माझ्या पायांना माहीत होते.

सामना संपत आला होता. चेंडू घरंगळत माझ्याकडे आला, समोर मैदान मोकळे होते, आणि कोणीच मला अडवायला येत नव्हते. याचे कारण मला तेव्हा माझा दरारा वाटला. मी टाकीला पाठ करून सुसाट निघालो. समोर चांद गोलमध्ये उभा होता, माझ्याच क्लबाचा चांद. चेंडू परत त्याच्याकडे द्यायला येतोय असे समजून त्याने हसत दोन्ही हात पसरले.

“दे इकडं, दे,” तो म्हणाला. आणि मग माझा पाय मागे गेलेला पाहून किंचाळला, “अबे, नाही, नाही बे!”

तशी लाथ मी त्याआधी कधी मारली नव्हती. चेंडू जमिनीवरून उठला, चांदच्या कानाजवळून गेला आणि वरच्या कोपऱ्यात असा बसला की, मांडवात सरबत पिणारे अध्यक्ष उभे राहून टाळ्या वाजवू लागले. पंचांनी शिट्टी वाजवली. नवतेज एका गोलने जिंकले. पिवळ्या जर्शीतली पोरे धावत आली आणि त्यांनी मला खांद्यावर घेतले, आणि हिरव्या जर्शीतल्या पोरांकडे माझी नजर गेली तेव्हा मला खांद्यावरून खाली उतरावेसे वाटले.

पुढची फेरी आठवड्याने होती. परतीच्या टेम्पोत मी साहजिकच पुढे नवतेजमध्ये बसायला गेलो. गजानन म्हणाला, “तुहा दुसरा हाफ तिकडं होता ना? तिकडंच बस.” पाच मिनिटांपूर्वी ज्यांच्या खांद्यावर होतो, त्यांच्यात मला पाय ठेवायला जागा नव्हती. मी मागे गेलो. हिलालच्या पोरांनी मला जागा दिली. शिव्या देता याव्यात म्हणून अगदी मधोमध दिली. चांदने सुरुवात केली, बबनने त्याला साथ दिली. बबन इतके बोलू शकतो हे त्या दिवशीच समजले.

“गधे, तुले टाकी दिसत नव्हती? येवढी मोठी टाकी!”

“विहीर हाये ना तो. विहिरीले टाकीचं काय?”

“मी हात पसरले रे, लेका. मी तुले गळ्याशी लावाले उभा होतो!”

शरीफ मात्र फळीवर हात टाकून मागे सरकणाऱ्या रस्त्याकडे पाहत राहिला, आणि सर्व शिव्यांपेक्षा मला त्याचाच धसका बसला. गाव येईपर्यंत माझी पक्की खात्री झाली होती की, कालपर्यंत मी दोन क्लबांचा सामाईक होतो, आता दोन्ही क्लबांतून कायमचा उठलो. घरी आईने विचारले, “जिंकला का?” मी “हाव” म्हणालो. “कोण जिंकलं?” या प्रश्नाआधीच मी पांघरूण ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर भाकर आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसलो होतो. इंजिन अजून सुरू व्हायचे होते. इतक्यात शरीफ आला आणि खालीच उभा राहिला. त्याच्या काखेत चेंडू होता. आई दारात आली. कालची हकीकत तोवर तिला टेम्पोवाल्याच्या बायकोकडून समजली होती, आणि माझ्या बाजूने भांडायला ती पदर खोचून तयार होती. शरीफने तिला सलाम केला आणि माझ्याकडे पाहिले.

“निंघ बे खाली.”

“कशाले?”

“तशी किक आमच्यात कोणाची नाही, गजूच्या क्लबातही नाही,” तो म्हणाला. “गोल माराले तुले येते. आता कोणीकडं मारा लागते, तेवढं शिकवतो. चाल, जल्दी. भाकर हातात घे.”